नाव, वय, धंदा, राहणार

पोलिसांच्या मराठीची एक ठरलेली चाल आहे. फिर्याद असो, अटकेचा कागद असो की वर्तमानपत्रांना जाणारी प्रेसनोट, माणसाची ओळख एकाच क्रमाने करून दिली जाते: ‘नामे अमुक तमुक, वय ४२ वर्षे, धंदा शेती, रा. अमुक, ता. मालेगाव, जि. वाशिम’. नावानंतर लगेच वय. धंदा त्यानंतर, गाव त्याच्याही नंतर. लिहिणाऱ्या हवालदाराला यात विशेष काही वाटत नाही, हात सवयीनं चालतो. पण एखाद्या ठाण्याच्या वर्षभराच्या कागदांतून फक्त वयाचा आकडा आणि त्याच्यापुढचं कलम एवढंच वेगळं काढून ओळीनं मांडलं, तर परिसराची एक निराळीच कुंडली तयार होते.

जऊळक्याचंच ठाणं घ्या. अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचं हे मालेगाव तालुक्यातलं गाव. स्टेशनामुळे त्याला ‘जऊळका रेल्वे’ म्हणतात. आजूबाजूला सोयाबीन आणि तुरीची वावरं, बरीचशी कोरडवाहू. विदर्भातल्या अशा ग्रामीण ठाण्याच्या ठाणेदाराला सिनेमातले गुन्हे क्वचितच भेटतात. त्याच्यापुढे येतात त्या मोटारसायकल चोऱ्या, गावठी दारूचे डबे, पत्त्यांच्या डावावरचे छापे, नवरा-बायकोच्या तक्रारी, अपघात आणि धुऱ्याची भांडणं. यातल्या प्रत्येकाचं आपापलं वय असतं. मोटारसायकल उडवणारा बहुधा मिसरूड फुटलेला पोरगा. पोळ्याच्या करीला झाडाखाली पत्ते कुटताना सापडलेल्यांत तिशी-चाळिशीचे गडी जास्त. आणि धुऱ्यावर कुऱ्हाड घेऊन उभा राहिलेला माणूस आजोबाही असू शकतो.

वय आणि गुन्हा यांची अशी मांडणी पहिल्यांदा गंभीरपणे केली ती एका खगोलशास्त्रज्ञानं. बेल्जियमचा अ‍ॅडॉल्फ केतले हा ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारा माणूस. १८२० च्या दशकात फ्रान्सच्या न्यायखात्यानं गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी छापायला सुरुवात केली, आणि केतलेनं ताऱ्यांना लावायचं गणित आरोपींना लावलं. १८३१ साली त्यानं जे छापलं त्याचा गाभा असा: माणसाची गुन्ह्याकडे असलेली ओढ वयाबरोबर चढते, पंचविशीच्या आसपास शिखरावर पोहोचते आणि मग उतरत जाते. प्रत्येक गुन्ह्याचं शिखर वेगळं, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. चोरी लवकर सुरू होते, हाणामारी अंगात बळ असताना होते, आणि खोटे दस्तऐवज करण्याची कला उतारवयाकडे बहरते.

त्यानंतर चाळीस वर्षांनी इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात याच्या अगदी उलट समजुतीवर कायदा केला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११ साली देशभर नेला गेला. गुन्हेगारी वयानं येते आणि वयानं जाते हे या कायद्याला मान्यच नव्हतं. ती जन्मानं येते आणि मरेपर्यंत जात नाही, असं तो धरून चालला होता. पाळण्यातलं पोर आणि काठी टेकणारा म्हातारा एकाच यादीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, तरी गावात चोरी झाली की पहिली जीप पारधी बेड्याकडे वळते ही तक्रार अजून जुनी झालेली नाही. पुढचे सगळे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. आकडे पकडलेल्यांचे असतात, करणाऱ्यांचे नव्हेत.

केतलेची चढण-उतरण पुढे देशोदेशी सापडत गेली. अमेरिकेतले ट्रॅव्हिस हिर्शी आणि मायकेल गॉटफ्रेडसन यांनी १९८३ साली तर असं ठामपणे मांडलं की हा आलेख सगळ्या काळांत आणि सगळ्या समाजांत सारखाच असतो: तेराव्या-चौदाव्या वर्षी सरसर चढायचं, विशीच्या उंबरठ्यावर टोक गाठायचं आणि मग घसरायचं. कारण शोधण्याच्या भानगडीत पडू नका, वय हेच कारण, असा त्यांचा एकंदर सूर होता.

कारण मात्र लोक शोधतच राहिले. त्यातलं एक उत्तर कुठल्याही आईला तोंडपाठ आहे: ‘माझं पोरगं चांगलं आहे, संगत वाईट.’ अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली या वाक्याची जणू परीक्षाच घेतली. १३ ते १६ वयाची मुलं, १८ ते २२ ची तरुण मंडळी आणि २४ च्या पुढची माणसं अशा तीन गटांना त्यांनी संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे रेटायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. काहींनी एकट्यानं खेळायचं, काहींनी दोस्तांच्या देखत. दोस्त पाहताहेत म्हटल्यावर पोरांनी एरवीपेक्षा बराच जास्त धोका पत्करला, विशीतल्यांनी थोडा जास्त, आणि मोठ्यांच्या वागण्यात फरकच पडला नाही. पुढचामागचा विचार करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, हे मेंदूशास्त्र त्याला जोडून सांगितलं जातं.

महाराष्ट्राला टोळक्याचं सगळ्यात भीषण रूप पुण्यात दिसलं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसं गळा आवळून मारली गेली. मारणारे होते राजेंद्र जक्कल आणि त्याचे साथीदार, अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला पोरगा. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून हे प्रकरण अजून सांगितलं जातं, आणि सांगणारा प्रत्येक जण एका प्रश्नाशी थांबतो: यातला एकेक जण एकटा असता तर? अलीकडच्या पुण्यातल्या कोयता नाचवणाऱ्या पोरांच्या बातम्या वाचतानाही डोळ्यांत भरतात त्या दोन गोष्टी: वय कमी आणि संख्या जास्त. एकटा पोरगा कोयता घेऊन फारसा नाचत नाही. बघणारे लागतात.

तरी टोळक्यातले सगळे सारखे नसतात. फिलाडेल्फियातल्या, १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांचा माग मार्व्हिन वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत काढला. पोलिसांच्या वहीत नाव लागलेली मुलं साधारण तिसरा हिस्सा, पण निम्म्याहून जास्त गुन्हे फक्त ६२७ जणांच्या नावावर होते. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या हजारभर मुलांचा अभ्यास करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी १९९३ साली या दोन जातींना वेगळं केलं. एक, लहानपणापासून हातघाईवर येणारी आणि मोठेपणीही तशीच राहणारी थोडी मुलं. दुसरी, वयात येताना वाकडी वाट धरून पुन्हा सरळ होणारी पुष्कळ मुलं. ठाणेदाराची खरी अडचण ही की सतराव्या वर्षी दोघंही बाहेरून सारखीच दिसतात. दोघांच्याही हातात चोरीची मोटारसायकल असते.

सरळ होतात ती कशानं? यावर खेड्यात उत्तर तयार आहे: ‘दोनाचे चार हात करून टाका, येईल ताळ्यावर.’ हसण्यावारी न्यायचं कारण नाही. बॉस्टनच्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्यानं सुधारगृहातल्या ५०० मुलांची बारीक माहिती गोळा केली होती. तिची खोकी हार्वर्डच्या ग्रंथालयाच्या तळघरात धूळ खात पडली होती. जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी १९८० च्या दशकात ती उघडली आणि त्यातल्या माणसांना पुढे सत्तरीपर्यंत शोधून काढलं. दिसलं ते असं की जवळजवळ सगळेच कधी ना कधी थांबले, अगदी बेरकी सुद्धा. आणि थांबण्याच्या आसपास बऱ्याचदा तीन गोष्टी सापडल्या: बरं लग्न, टिकाऊ नोकरी, नाही तर लष्कर. लग्न झालं की रात्री घरी यावं लागतं, जुने दोस्त सुटतात, कोणी तरी विचारणारं असतं. ‘बरं’ हा शब्द मात्र इथे महत्त्वाचा. टवाळ पोराला सुधारायचं काम एखाद्या बापाच्या लेकीवर तिला न विचारता टाकायचं, मग तिचं काय होतं याची नोंद त्या खोक्यांत फारशी नाही. ती नोंद ठाण्यातल्या नवरा-बायकोच्या तक्रारींत असते.

त्यात आता लग्नच जमेना अशी गत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, नवरदेवाच्या पोशाखात तरुणांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा सगळे हसले. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कोणी हसलं नसेल. तिशी ओलांडलेले, नोकरी नसलेले, बिनलग्नाचे तरुण गावोगाव पारावर दिसतात. म्हणून ते गुन्ह्याकडे वळतात असं म्हणायला आधार नाही. पण बॉस्टनच्या माणसांना लग्न आणि नोकरी या ज्या दोन दारांतून बाहेर पडता आलं, ती दोन्ही इथे अर्धवट लोटलेली आहेत एवढं खरं.

आता जऊळक्याकडे परत. बॉस्टन-फिलाडेल्फियाचा आलेख इथे जसाच्या तसा बसत नाही. अमेरिकेतलेच डॅरेल स्टेफेन्समायर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली तैवानचे आणि २०१९ साली भारताचे आकडे तपासले. तैवानात शिखर विशीच्या शेवटाला नि तिशीच्या सुरुवातीला सरकलेलं निघालं. भारतातही पोरवयातलं ते टोकदार शिखर दिसलं नाही. भार प्रौढांकडे, आणि उतार बराच संथ. हिर्शी-गॉटफ्रेडसनचा ‘सगळीकडे सारखं’ हा दावा तिथे अडखळला. आपल्या आकड्यांत आणखी एक खोच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग अटक झालेल्या प्रौढांचे चारच गट करतो: १८ ते ३०, ३० ते ४५, ४५ ते ६० आणि साठीपुढचे. अठरा वर्षांचा, बारावीला गणितात गेलेला पोरगा आणि एकोणतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप एकाच खणात! युरोपातल्या अभ्यासकाला जे शिखर नीट दिसतं, ते आपल्या तक्त्यात सपाट होऊन जातं.

तरीही उतार संथ असण्याला कागदाबाहेरचं कारण आहे, आणि ते वावरात आहे.

दोन वावरांच्या मधल्या गवताच्या पट्ट्याला वऱ्हाडात धुरा म्हणतात. त्यावर एखादी बाभूळ, थोडं कुसळी गवत, कुठे तरी कोपऱ्यात मोजणीचा दगड. उन्हाळ्यात नांगरट होते तेव्हा एक जण फाळ बोटभर आत घालतो. पुढच्या वर्षी आणखी बोटभर. दहा वर्षांत धुऱ्याची नुसती रेघ उरते आणि एका बाजूला सोयाबीनचं एक तास जास्त बसतं. मृगाच्या तोंडावर, पेरणीची घाई असताना, शेजाऱ्याच्या ते लक्षात येतं. ‘धुरा कोरला’ एवढ्या दोन शब्दांवर सकाळी आठ वाजता वखराची पास, काठी, कुऱ्हाड जे हाताशी असेल ते उचललं जातं. फिर्यादीत मग एकाच आडनावाची माणसं दोन्ही बाजूंना येतात: वय ७०, वय ६४, वय ४१, वय १९. भांडणारे बहुतेक वेळा सख्खे नाही तर चुलत. आजोबांच्या वाटणीत जे नीट मोजलं गेलं नाही ते नातवाच्या नावावर गुन्हा होऊन उतरतं.

मोटारसायकल चोरायची हौस वयाबरोबर फिटते. धुरा फिटत नाही. उलट सातबारावर नाव चढतं ते बाप गेल्यावर, म्हणजे चाळिशी-पन्नाशीत, आणि भांडायचा अधिकार तेव्हा कुठे हातात येतो. पश्चिमेकडच्या आलेखात हे वय शांततेचं धरलं आहे.

सरकारलाही हे ठाऊक आहे. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्या समित्यांपुढे जमिनीचे वाद ढिगानं आले. जानेवारी २०२३ मध्ये ‘सलोखा’ योजना आली: एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असा घोळ निदान १२ वर्षांचा असेल, तर नाममात्र हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फीमध्ये अदलाबदल करून टाका. गुन्हे रोखण्याची योजना म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण साठीतल्या माणसांचे गुन्हे कमी करायचे तर गस्तीच्या जीपपेक्षा मोजणीची साखळी अधिक कामाची, असं म्हणायला जागा आहे.

पैशांच्या गुन्ह्याचं वयही पिकलेलं असतं. १९९२ साली रोखे घोटाळा फुटला तेव्हा हर्षद मेहता ३७ वर्षांचा होता. बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात २००१ साली पकडला गेलेला अब्दुल करीम तेलगी चाळिशीचा. असल्या कामाला ओळखी, सही, टेबल आणि लोकांचा विश्वास लागतो, आणि या चारही गोष्टी विसाव्या वर्षी कोणी देत नाही. मोबाइलवरच्या फसवणुकीनं हा नियम थोडा मोडला आहे. समोरच्याला चेहरा दिसतच नाही म्हटल्यावर पोरसवदा माणूसही बँकेचा साहेब होऊ शकतो.

तुरुंगातली वयं पाहिली तर आणखी एक सरकलेला आलेख भेटतो. देशातल्या कैद्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. त्यांच्यात १८ ते ३० वयाचे जवळजवळ निम्मे. शिक्षा झालेल्यांत मात्र मोठा गट तिशी ते पन्नाशीचा. माणसं बदललेली नाहीत, तारखा पडत गेल्या.

आणि आता वयाच्या त्या आकड्याकडे, जो हवालदार नावानंतर लगेच लिहितो. तो खरा असेलच असं नाही.

कायदा मात्र त्या आकड्यावर उभा आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा नाही. सात ते बारामध्ये समज किती आली होती ते पाहायचं. अठराच्या आत असेल तर तो आरोपी नव्हे, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, आणि त्याचा कागद बाल न्याय मंडळाकडे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर देशभर राग उसळला आणि २०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठरामधल्यांना, अत्यंत गंभीर गुन्हा असेल तर, प्रौढांसारखं चालवण्याची वाट उघडली. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीनं दोघांचा जीव घेतला आणि त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला गेला, तेव्हा तो राग पुन्हा उसळला. उलट बाजूही आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं संमतीचं वय सोळावरून अठरा केलं. सतराची मुलगी आणि एकोणीसचा मुलगा पळून गेले तर पूर्वी जो गावातला बोभाटा असायचा, तो आता मुलासाठी गंभीर गुन्हा आहे. वयोगटाच्या आलेखात एकोणीसच्या घरात पडलेली ती भर हार्मोन्सची नाही, राजपत्राची आहे.

आकडा चुकला तर काय होतं, त्याचं महाराष्ट्रातलं उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. २६ ऑगस्ट १९९४ ला पुण्यात एका घरात पाच बायका आणि दोन मुलं मारली गेली. पकडलेल्यांत राजस्थानातला एक जण होता. पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदांवर तो विशीचा तरुण म्हणून गेला, त्याला फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती कायम राहिली. पुढे त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पुढे आलं. त्यात जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं. अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून तो बाहेर आला तेव्हा २८ वर्षं होऊन गेली होती. सात जीव गेल्याचं दुःख त्या निकालानं कमी होत नाही, आणि निकालानं तसं म्हटलेलंही नाही. वयाच्या रकान्यात चुकीचा आकडा पडला होता, एवढंच त्यात सिद्ध झालं.

वय ठरवायचं तर कायदा आधी शाळेचा दाखला मागतो, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि तीही नसेल तर हाडांची तपासणी. पोरांच्या बाबतीत हे बरंच सुधारलं आहे. जन्म आता दवाखान्यात होतात, तारीख पक्की असते. म्हाताऱ्यांचं तसं नाही. जून-जुलैत शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला पोराची तारीख सांगता येत नसे, मग गुरुजी स्वतःच लिहून मोकळे होत: १ जून नाही तर १ जुलै. अख्ख्या वर्गाचे वाढदिवस एका दिवशी.

या तारखेला आता भाव आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरच्या माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. धुऱ्यावरच्या साध्या मारहाणीत दोन भाऊ ठाण्यात येतात, धाकटा पट्टी बांधलेलं डोकं धरून, थोरला धोतराचा सोगा सावरत. हवालदार विचारतो, वय? थोरला आधार कार्ड पुढे करतो, त्यावर १ जुलै. धाकट्याच्या कार्डावरही १ जुलै, साल फक्त दुसरं. थोरल्याची आई सांगायची की तो पोळ्याच्या करीला झाला.